मिश्रणाची शाब्दिक उदाहरणे : समीकरण मांडण्याआधी काय पाहावे

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. दोन चलांतील रेषीय समीकरणे ती बिनचूक सोडवते, परंतु मिश्रणाचे शाब्दिक उदाहरण आले की अडखळते. नमुना म्हणून त्यांनी तिच्या वहीतील पुढील उदाहरण दिले आहे : “एका द्रावणात १२ टक्के साखर आहे व दुसऱ्यात ३० टक्के. ती दोन्ही मिसळून १८ टक्के साखरेचे ६ किलोग्रॅम द्रावण तयार करायचे आहे, तर प्रत्येक द्रावण किती घ्यावे?” मुलीने क्ष + य = ६ आणि १२क्ष + ३०य = १८ अशी समीकरणे मांडली आणि क्ष = ९, य = −३ असे उत्तर काढले. अशा उदाहरणांसाठी एखादे सूत्र पाठ करून घ्यावे का, आणि शिकवणीत दाखवतात ती तिरकस वजाबाकीची रीत शिकवावी का, असे त्यांना विचारायचे आहे.

मुलीने मांडलेली दोन समीकरणे घेतली तर तिचे उत्तर बरोबरच आहे. तिने आकडेमोडीत कोठेही चूक केलेली नाही. चूक दुसऱ्या समीकरणाच्या मांडणीत आहे. डाव्या बाजूला १२क्ष आहे, म्हणजे शेकडेवारी गुणिले किलोग्रॅम. उजव्या बाजूला नुसते १८ आहेत, म्हणजे केवळ शेकडेवारी. दोन्ही बाजू एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह घालता येत नाही. १८ टक्के हे ६ किलोग्रॅमचे आहेत, तेव्हा उजवीकडे १८ × ६ = १०८ यायला हवेत. १२क्ष + ३०य = १०८ असे लिहिले आणि क्षच्या जागी ६ − य घातले की ७२ + १८य = १०८ मिळते, त्यावरून य = २ आणि क्ष = ४. पडताळा असा : ४ किलोग्रॅमच्या १२ टक्के म्हणजे ४८० ग्रॅम साखर, २ किलोग्रॅमच्या ३० टक्के म्हणजे ६०० ग्रॅम, एकूण १०८० ग्रॅम, आणि ६ किलोग्रॅमच्या १८ टक्केही १०८० ग्रॅमच होतात.

ही चूक एका मुलीची नाही. मिश्रणाच्या उदाहरणांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच आहे, आणि तिचे मूळ समीकरणांत नसून शेकडेवारीच्या समजेत आहे. १२ टक्के साखरेचे एक भांडे सरबत तसल्याच दुसऱ्या भांड्यात ओतले तर २४ टक्क्यांचे सरबत होत नाही, हे कोणतेही मूल सांगेल. तेच मूल वहीत मात्र शेकडेवाऱ्यांची बेरीज करून मोकळे होते, कारण उदाहरणात डोळ्यांत भरणारे आकडे शेकडेवारीचेच असतात. वजनांची बेरीज होते, साखरेच्या वजनांची बेरीज होते, शेकडेवारीची होत नाही. एवढी गोष्ट मनात पक्की झाली की निम्म्याहून अधिक उदाहरणे आपोआप सुटू लागतात. म्हणून सूत्र पाठ करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे, निदान सुरुवातीला तरी.

सूत्राऐवजी मी विद्यार्थ्यांकडून एक तक्ता आखून घेते. पहिल्या रकान्यात एकूण वजन, दुसऱ्यात शेकडा प्रमाण आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष साखरेचे वजन, म्हणजे पहिल्या दोहोंचा गुणाकार भागिले १००. प्रत्येक द्रावणासाठी एक ओळ आणि तयार होणाऱ्या मिश्रणासाठी शेवटची ओळ. पहिला आणि तिसरा हे दोन रकाने उभे मिळवायचे. मधला रकाना कधीही मिळवायचा नाही, किंबहुना त्याखाली बेरजेची रेघच ओढायची नाही. दोन समीकरणे याच दोन बेरजांतून मिळतात. त्यातही एक शिस्त मी कटाक्षाने पाळायला लावते : समीकरण लिहिण्याआधी त्याच्यावर शब्दांत लिहायचे, “पहिल्यातील साखर अधिक दुसऱ्यातील साखर बरोबर मिश्रणातील साखर”. हे वाक्य लिहिलेल्या मुलाच्या हातून उजवीकडे नुसते १८ सहसा लिहिले जात नाहीत, कारण “१८” ही साखर नव्हे हे त्याच्या लगेच लक्षात येते. शुद्ध साखर घालायची असेल तर मधल्या रकान्यात १०० लिहावेत आणि पाणी घालायचे असेल तर ०. “पाण्याची ओळ कशी भरायची?” हा प्रश्न मुले नेहमी विचारतात, आणि शून्य हेही एक प्रमाण आहे हे सांगितल्यावर त्यांचा मार्ग मोकळा होतो.

दुसरी सवय अंदाजाची. १८ ही संख्या १२ आणि ३० यांच्या दरम्यान आहे, पण १२ च्या जवळ आहे. दोन्ही द्रावणे सारखी घेतली असती तर २१ टक्के मिळाले असते. आपल्याला त्याहून कमी हवे आहे, तेव्हा १२ टक्क्यांचे द्रावण ३ किलोग्रॅमपेक्षा जास्त आणि ३० टक्क्यांचे त्यापेक्षा कमी लागणार. एवढे आधी ठरवले असते तर −३ हे उत्तर वहीत टिकलेच नसते. मागितलेले प्रमाण दोन्ही प्रमाणांच्या बाहेर असेल, म्हणजे १२ आणि ३० टक्क्यांच्या द्रावणांतून ३५ टक्के मागितले असतील, तर उदाहरणच अशक्य आहे, हेही याच अंदाजातून कळते.

आता तिरकस वजाबाकीची रीत. डावीकडे १२ आणि ३० लिहायचे, मध्ये १८, आणि तिरप्या दिशेने फरक काढायचे : ३० − १८ = १२ आणि १८ − १२ = ६. तेव्हा पहिले आणि दुसरे द्रावण १२ : ६, म्हणजे २ : १ या गुणोत्तरात घ्यायचे, ६ किलोग्रॅमचे ४ आणि २ किलोग्रॅम. रीत अगदी बरोबर आहे आणि तिचे कारणही सोपे आहे. १२क्ष + ३०य = १८(क्ष + य) हे समीकरण थोडे हलवले की क्ष(१८ − १२) = य(३० − १८) असे होते. पहिल्या द्रावणाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे जी तूट येते, ती दुसऱ्याच्या प्रत्येक किलोग्रॅममागे येणाऱ्या जादा साखरेने भरून निघायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. दोन दरांचे तांदूळ किंवा दोन दरांचा चहा मिसळण्याची उदाहरणे हीच आहेत. तेथे शेकडेवारीऐवजी दर किलोग्रॅमचा भाव असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे काही शिकण्याची गरज नाही. स्पर्धा परीक्षेत वेळ कमी असतो आणि तेथे ही रीत खरोखर उपयोगी पडते. परंतु ज्या मुलीला वरील समीकरण हलवून ही रीत स्वतः सिद्ध करता येत नाही, तिला ती शिकवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरणात मिसळणे न राहता काढणे, आटवणे किंवा तिसरा पदार्थ आला की ही मुले त्याच आकृतीत मिळतील ते आकडे भरत बसतात.

खरी कसोटी लागते ती पुढच्या प्रकारात : कोणत्या घटकाचा हिशेब ठेवायचा हे ठरवण्यात. समजा, ४५० ग्रॅम मिठाच्या द्रावणात १० टक्के मीठ आहे आणि आणखी मीठ घालून ते १९ टक्क्यांचे करायचे आहे. बहुतेक मुले म्हणतात, ९ टक्के वाढवायचे आहेत, म्हणून ४५० च्या ९ टक्के, म्हणजे ४०.५ ग्रॅम मीठ घालावे. पण मीठ घातल्यावर एकूण वजनही वाढते, हे त्यात सुटते. येथे मिठाच्या मागे न लागता पाण्याकडे पाहावे, कारण या साऱ्या क्रियेत पाणी बदललेले नाही. सुरुवातीला पाणी ४५० च्या ९० टक्के, म्हणजे ४०५ ग्रॅम. शेवटी तेच ४०५ ग्रॅम पाणी ८१ टक्के झाले आहे. तेव्हा शेवटचे वजन ४०५ ÷ ०.८१ = ५०० ग्रॅम, आणि घातलेले मीठ ५० ग्रॅम. समीकरणाची गरजच पडली नाही. पडताळ्यात मीठ ४५ + ५० = ९५ ग्रॅम, ते ५०० च्या १९ टक्के.

(जाता जाता, उदाहरणे रचणाऱ्या शिक्षकांसाठी : नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅमच मीठ विरघळते, म्हणजे संपृक्त द्रावणातही मीठ २६ टक्क्यांच्या आसपास असते. “४० टक्के मिठाचे द्रावण” असे उदाहरण घालू नये. आकडे मोठे हवेत तर साखर घ्यावी. ती पाण्याच्या दुपटीपर्यंत विरघळते. विज्ञानाच्या तासाला एक आणि गणिताच्या तासाला दुसरे, असे मुलांना शिकवणे मला पटत नाही.)

आटवण्याच्या आणि वाळवण्याच्या उदाहरणांत याच्या उलट होते : पाणी जाते आणि घन भाग राहतो. टोमॅटोच्या रसात ९५ टक्के पाणी आहे असे धरू. तो आटवून पाण्याचे प्रमाण ९० टक्क्यांवर आणले तर १० किलोग्रॅम रसाचे किती वजन उरेल? “पाच टक्के पाणी गेले, म्हणून साडेनऊ किलो” हे उत्तर मोठी माणसेही देतात. घन भाग पाहा : आधी ५ टक्के, म्हणजे अर्धा किलोग्रॅम. नंतरही तोच अर्धा किलोग्रॅम, पण आता तो १० टक्के आहे. म्हणून एकूण वजन ५ किलोग्रॅम; रस निम्मा झाला. पाण्याचा आकडा ९५ वरून ९० वर आला एवढेच डोळ्यांना दिसते. घन भागाचे प्रमाण दुप्पट झाले, हे दिसत नाही. हेच उदाहरण सांगली-तासगावच्या बेदाण्यावर करून पाहण्यासारखे आहे. द्राक्षांत पाणी ८० टक्के आणि बेदाण्यात १५ टक्के धरले, तर १०० किलोग्रॅम द्राक्षांतील २० किलोग्रॅम घन भाग बेदाण्याच्या ८५ टक्के होतो, आणि २० ÷ ०.८५ म्हणजे सुमारे साडेतेवीस किलोग्रॅम बेदाणा मिळतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा हा बागायतदारांचा ढोबळ हिशेब याच्याशी जुळतो. ज्या गावात बेदाण्याची शेड मुलांच्या रोजच्या वाटेवर आहे, तेथे हे उदाहरण आम्लाच्या बाटल्यांच्या आधी यायला हवे.

हा विचार आपल्याकडे किती जुना आहे हे मुलांना जरूर सांगावे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त सुवर्णगणित म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील एका उदाहरणात १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ माष (माष हे वजनाचे जुने माप) एकत्र वितळवले आहे. वर्ण म्हणजे सोन्याचा कस, आणि शुद्ध सोने १६ वर्णांचे. वजन आणि वर्ण यांचे गुणाकार १३०, ४८, २२ आणि ४०; त्यांची बेरीज २४०. एकूण वजन २० माष, म्हणून मिश्रणाचा वर्ण १२. आमच्या तक्त्यातील तिसरा रकाना तो हाच. पण मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तेच सोने शुद्ध करताना २० चे १६ माष उरले तर वर्ण किती? आणि १६ वर्णांचे झाले तर वजन किती उरेल? हिणकस धातू जळून गेला तरी सोने तेवढेच आहे, म्हणून २४० हा गुणाकार बदलत नाही. २४० ला १६ ने भागले की दोन्ही प्रश्नांचे उत्तर १५ येते, एकदा १५ वर्ण आणि एकदा १५ माष. टोमॅटोचा रस आणि हे सोने यांचे गणित एकच आहे.

आजच्या कॅरेटचा हिशेबही तसाच चालतो. फक्त शुद्ध सोने १६ ऐवजी २४ धरायचे. दागिन्यावर ९१६ हा हॉलमार्कचा आकडा दिसतो, तो २२ ÷ २४ = ०.९१६६… यातून आलेला; १८ कॅरेटचा ७५० हा १८ ÷ २४ मधून. २२ कॅरेटच्या १८ ग्रॅम सोन्यात किती तांबे घातल्यास ते १८ कॅरेटचे होईल, असे विचारले तर १८ × २२ = ३९६ हा गुणाकार कायम, ३९६ ÷ १८ = २२ ग्रॅम एकूण, म्हणून तांबे ४ ग्रॅम. तोंडी होते.

गुणोत्तराच्या भाषेत दिलेली उदाहरणे वेगळ्या कारणाने फसवतात. एका कॅनमध्ये दूध आणि पाणी ५ : १ आहे, दुसऱ्यात ३ : १, दोन्हींतून सारखेच मिश्रण घेऊन एकत्र केले तर नवे गुणोत्तर काय? मुले ५ + ३ आणि १ + १ करून ८ : २, म्हणजे ४ : १ लिहितात. पहिल्यात दूध एकूण मिश्रणाच्या ५/६ आहे (५/१ नव्हे), दुसऱ्यात ३/४. एकेक लीटर घेतले तर दूध ५/६ + ३/४ = १९/१२ लीटर आणि एकूण मिश्रण २ लीटर, म्हणजे २४/१२. म्हणून पाणी ५/१२ आणि गुणोत्तर १९ : ५. येथे मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा : ४ : १ हे उत्तर केव्हा बरोबर ठरले असते? पहिल्या कॅनमधून ६ लीटर आणि दुसऱ्यातून ४ लीटर घेतले असते तर. ज्याला हे सांगता आले, त्याला गुणोत्तर आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतील फरक कळला.

थोडे मिश्रण काढून तितकेच पाणी घालण्याची उदाहरणे अवघड समजली जातात, पण त्यांत एकच गोष्ट नवी असते. ४० लीटर शुद्ध दुधातून ८ लीटर काढून ८ लीटर पाणी घातले आणि हीच क्रिया एकूण तीन वेळा केली, तर दूध किती उरेल? ४० − २४ = १६ हे उत्तर चुकीचे, कारण दुसऱ्या वेळी काढलेल्या ८ लीटरमध्ये सगळे दूध नव्हते. पहिल्यांदा ८ लीटर दूध गेले, ३२ उरले. दुसऱ्यांदा चांगले ढवळलेल्या मिश्रणाचा पाचवा भाग काढला, म्हणून दुधाचाही पाचवा भाग, ६.४ लीटर गेला, २५.६ उरले. तिसऱ्यांदा ५.१२ लीटर गेले, २०.४८ उरले. दर वेळी ४/५ दूध उरते, म्हणून ४० × ४/५ × ४/५ × ४/५. घातांकाचे सूत्र पाठ करण्यापेक्षा हे अपूर्णांक एकापुढे एक लिहावेत, कारण काढलेले मिश्रण दर वेळी वेगळे असले तर सूत्र लागू पडत नाही, अपूर्णांक पडतात : त्याच कॅनमधून आधी ८ आणि मग १० लीटर काढले, आणि दर वेळी तितके पाणी भरले, तर ४० × ४/५ × ३/४ = २४ लीटर दूध उरेल. मिश्रण काढले की प्रमाण बदलत नाही, फक्त परिमाण घटते. प्रमाण बदलते ते पाणी घातल्यावर. या दोन पायऱ्या वहीत दोन वेगळ्या ओळींवर लिहाव्यात.

अकरावीकडे जाणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट आजच माहीत असावी. शालेय उदाहरणांत लीटर आणि लीटर मिळवले की लीटरच मिळतात असे आपण गृहीत धरतो. दूध-पाण्यासाठी ते चालते, पण ५० मिलिलीटर पाण्यात ५० मिलिलीटर अल्कोहोल ओतले तर १०० भरत नाहीत, ९६-९७ मिलिलीटरच्या आसपास भरतात. वजन मात्र तंतोतंत मिळवता येते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाची जी कृती दिली आहे, तिच्यात ९६ टक्क्यांचे इथेनॉल ८३३३ मिलिलीटर घ्यायला सांगितले आहे, पण पाणी किती घालायचे याचा आकडा दिलेला नाही. एकूण १० लीटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा, असे म्हटले आहे. ८३३३ × ०.९६ = ८००० मिलिलीटर, ते १० लीटरच्या ८० टक्के. त्याच कृतीत ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलीटर आहे. त्याचे अंतिम प्रमाण मुलीला काढायला सांगावे, ते ०.१२५ टक्के येते.

सरावाचा क्रम मी असा सुचवेन : आधी काही दिवस फक्त तिसरा रकाना भरणे, समीकरण न मांडता, मग पाणी, मीठ किंवा तांबे अशा एकाच शुद्ध पदार्थाची भर, मग दोन द्रावणांचे मिश्रण, आटवण्याची आणि बदलून भरण्याची उदाहरणे त्यानंतर. शेवटी पुढील उदाहरण द्यावे आणि कोणतीही मदत करू नये. ६० लीटर मिश्रणात दूध व पाणी ७ : ३ आहे. त्यातून काही मिश्रण काढून तितकेच पाणी घातल्यावर गुणोत्तर ७ : ५ झाले, किती मिश्रण काढले? आधी दूध ४२ लीटर, नंतर ३५ लीटर. मुलीने ७ लीटर असे उत्तर लिहिले, तर काढलेल्या मिश्रणात पाणीही होते हे तिच्या ध्यानात आलेले नाही, आणि तिला तक्त्यात काढलेल्या मिश्रणासाठी वेगळी ओळ आखायला सांगावी. ते ७ लीटर दूध आपल्याबरोबर ३ लीटर पाणी घेऊन गेले, असे तिने स्वतःहून म्हटले आणि १० लीटर लिहिले, तर तिरकस वजाबाकीची रीत तिला त्याच दिवशी दाखवायला हरकत नाही.